मुक्कामाचा पाहुणा

आतिथ्यधर्मावर आम्ही आजवर पुष्कळ प्रवचने दिली. मम्रेच्या वृक्षांखाली भर दुपारी तीन अनोळखी वाटसरूंना पाहून सामोरा धावलेला अब्राहाम, मूठभर पिठावर संदेष्ट्याची भाकर भाजणारी सारफथची विधवा, बेथानीतली लगबग करणारी मार्था, ही सारी मंडळी आमच्या प्रवचनांतून वर्षानुवर्षे ये-जा करीत आली आहेत. मात्र ही सर्व प्रवचने यजमानाला उद्देशून असतात. पाहुण्याला कसे वागवावे हे आम्ही सांगतो. पाहुण्याने कसे वागावे याविषयी वेदीवरून क्वचितच शब्द निघतो. वास्तविक प्रभूने बहात्तर शिष्यांना गावोगाव धाडले तेव्हा केलेल्या सूचनांपैकी कितीतरी पाहुण्यासाठीच आहेत. एकाच घरी राहावे, पुढ्यात येईल ते खावे, घरे बदलीत फिरू नये, असा तो सारा व्यावहारिक उपदेश आहे. संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीतील त्रेपन्नावे प्रकरण सेमिनरीत आम्हाला शिकविले गेले. पण तेही मठाने पाहुण्याचे स्वागत कसे करावे याचेच प्रकरण! पाहुणेपणाचे शिक्षण आम्हाला मिळाले ते पुढे, गोंदिया जिल्ह्यातल्या धानाच्या बांध्यांकडेच्या घरांतून.

वसईकडील आमच्या वाचकांना गोंदिया म्हटले की हावड्याच्या गाडीतले एक मोठे स्थानक आठवेल. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून हा जिल्हा वेगळा झाला. आठ तालुके, ५,२३४ चौरस किलोमीटर क्षेत्र, २०११ च्या जनगणनेनुसार १३ लाखांवर वस्ती. पूर्वेला छत्तीसगड, उत्तरेला मध्य प्रदेश, आणि मधे धान, तलाव, जंगल. या विस्तारात आपली कुटुंबे मोजकीच आणि विखुरलेली. कुठे एखादा रेल्वे कर्मचारी, कुठे रुग्णालयातली परिचारिका, कुठे शाळामास्तर. त्यांच्या भेटीला निघालेला धर्मगुरू वाटेत अंधारात सापडतो आणि जवळच्या शेतकऱ्याच्या दारात उभा राहतो. साहजिकच आमचे यजमान बहुधा आपल्या धर्माचे नव्हते. कोणी पोवार, कोणी कुणबी, कोणी कोहळी, कोणी गोंड. 'जेवण झाले का?' हा प्रश्न त्यांनी 'तुम्ही कोण?' या प्रश्नाच्या आधी विचारला, हे आवर्जून नोंदवावेसे वाटते.

इकडचे गाव एका जागी नसते. मुख्य गाव रस्त्यालगत, आणि मग दोन कोसांच्या परिसरात त्याचे टोले पसरलेले. कुठे दहा घरे, कुठे चार, आणि कधी बोडीच्या पाळीखाली एकटेच एक घर. बोडी म्हणजे लहान तळे; तिच्या पाण्यावर खालच्या बांध्या पिकतात. उन्हाळ्यात असे घर रस्त्यापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर असते. रोवणीच्या दिवसांत तेच घर दुसऱ्या जिल्ह्यात गेल्यासारखे वाटते. मधला नाला भरला म्हणजे तो उतरेपर्यंत अलीकडचा माणूस अलीकडे, पलीकडचा पलीकडे.

आमचे एक सहाध्यायी ऑस्ट्रेलियातील एका धर्मप्रांतात काही वर्षे सेवेला होते. तिकडच्या अंतर्भागातील पशुपालनाच्या अवाढव्य शेतांना 'स्टेशन' म्हणतात, हे आम्हाला त्यांच्या पत्रांतून कळले. गोंदियात स्टेशन म्हणजे आगगाडीचेच! दक्षिण ऑस्ट्रेलियातील ॲना क्रीक हे एकच स्टेशन १५,००० चौरस किलोमीटरांहून मोठे, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या जवळजवळ तिप्पट. आजाऱ्यापर्यंत डॉक्टर पोहोचावा म्हणून तेथे जॉन फ्लिन या प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकाच्या खटपटीतून १९२८ मध्ये विमानी वैद्यकसेवा सुरू झाली, आणि अशा घरांतील मुलांसाठी १९५१ मध्ये ॲलिस स्प्रिंग्ज येथून रेडिओवरची शाळा. आमच्या मित्राने लिहिले होते की, या घरांतून पाहुणा गेला की यजमानीण त्याला लवकर झोपूच देत नाही, कारण कित्येक दिवसांत तिने नवा चेहरा पाहिलेला नसतो. तेथे पाहुण्याचे येणे हीच त्याची भेट.

आमच्याकडे गोष्ट उलटी आहे. एकाकी घर असले तरी आत माणसे भरलेली असतात. दोन खोल्या, पुढे सपरी, बाजूला गुरांचा कोठा, मागे सांदवाडी, आणि त्यात सात-आठ जीव. पाहुणा येतो तो कुणाची तरी बाज घेतो, कुणाचे तरी पांघरूण घेतो. सकाळी उठल्यावर ध्यानात येते की घरातला थोरला मुलगा रात्रभर तणसाच्या ढिगात निजला होता. त्याला विचारावे तर तो सांगणार, 'तिथं गरम रायते जी.' हे खरेही असते; पण तणसात झोपायचे हे पाहुणा येण्याआधी त्याने ठरविलेले नसते.

पाहुण्याचे वजन म्हणजे काय, ते अशा घरांत कळते. दारात पाऊल टाकताच लोटाभर पाणी पुढे येते. पाय धुवावेत, बाजेवर बसावे, हा पहिला विधी. उन्हाळ्यात हे पाणी सुनेने बोडीच्या पलीकडच्या विहिरीवरून आणलेले असते, म्हणून ते बेताने वापरावे. नंतर आत कुजबुज सुरू होते. पाहुण्याने त्या वेळी बाहेरच्या मुलांशी मोठ्याने बोलत राहावे, म्हणजे घरच्यांना मोकळेपणाने ठरविता येते. घरात रोजचा जाड तांदूळ असतो आणि एका कोपऱ्यात, लिंपलेल्या ढोलीत, थोडासा चिन्नोर राखलेला असतो. पाहुण्यासाठी तो निघतो. त्याचा वास सपरीपर्यंत येतो आणि घरातली लहान मुले दाराशी येऊन उभी राहतात, तेव्हा आपल्यामुळे घरात सण झाला आहे की उद्याचा सण आजच संपला आहे, याचा उलगडा होत नाही.

अनुभवाने आम्ही काही गोष्टी ठरवून घेतल्या. आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी जावे. त्या दिवशी घरात भाजी, तेल, मीठ असते आणि कुणाला उधारीसाठी धावावे लागत नाही. दिवस मावळण्याच्या आत पोहोचावे, म्हणजे विझलेली चूल पुन्हा पेटवावी लागत नाही. स्वयंपाकाच्या खोलीकडे पाय वळवू नयेत. पुष्कळ घरांत, विशेषतः गोंडांच्या घरी, तेथेच त्यांच्या देवांचे आणि पूर्वजांचे ठाणे असते. आणि सर्वांत महत्त्वाचे, जेवण लवकर आटोपावे. पुरुष मंडळी पाहुण्यासोबत बसतात, बायका मागाहून. आम्ही पानावर बसून तुडतुड्याची, पावसाची, धान खरेदी केंद्रावरच्या रांगेची चर्चा रंगवीत राहिलो तर आतली सून तितका वेळ उपाशी असते. ज्ञानी लोकांच्या पंक्ती फार लांबतात, असे आमचे निरीक्षण आहे.

पैसे देणे हा आणखी नाजूक विषय. ते देऊ केले तर यजमानाचा चेहरा उतरतो. मुलांसाठी वह्या, घरासाठी चहापत्ती आणि साखर, एवढे चालते; तेही मुलांच्या हाती द्यावे. पण निघताना यजमानीण फडक्यात बांधून लाखोळीची डाळ किंवा पायलीभर तांदूळ पुढे करते, तेव्हा खरी परीक्षा होते. दान देण्याचे शिक्षण सेमिनरीत भरपूर मिळते. गरिबाच्या हातचे दान निमूटपणे घेण्याचे नाही. आम्ही ते घेतो. नकार दिला तर काल रात्रीचे जेवण उपकार होऊन बसते. गाठोडे घेतले म्हणजे ते सोयऱ्याचे जेवण राहते. त्या डाळीची आमटी परतल्यावर आम्ही आवडीने खातो, आणि ती कुठून आली हे जेवायला बसलेल्या प्रत्येकाला सांगतो.

एके काळी या जिल्ह्यात पाहुण्याला ठेवून घेणे ही नुसती तसदी नव्हती, ती जोखीम होती. सालेकसा आणि देवरी हे तालुके बरीच वर्षे नक्षलवादाच्या छायेत होते. जंगलालगतच्या टोल्यावर रात्री शस्त्रधारी माणसे येत आणि भात मागत. नाही म्हणण्याची सोय नसे. सकाळी दुसऱ्या बाजूची चौकशी येई की रात्री कोण जेवले. अशा घरी परक्या माणसाने मुक्काम मागणे म्हणजे यजमानाला दोन्हीकडच्या प्रश्नांना उत्तरदायी करणे. त्या काळात आम्ही पोलीस पाटलाला कळविल्याशिवाय आणि यजमानाने आपणहून म्हटल्याशिवाय कोणाकडे राहिलो नाही. तरीही एका म्हाताऱ्याने आम्हाला दारातून परत जाऊ दिले नाही. त्याचे म्हणणे असे की, ज्यांना भीतीपोटी वाढतो ते पाहुणे नव्हेत. मनाने वाढावे असा माणूस कधीतरी ताटावर बसला पाहिजे, नाहीतर हात वाढणे विसरतात.

ते दिवस सरले. रस्ते झाले, नाल्यांवर पूल झाले, टोल्यांवर वीज आली, आणि प्रत्येक धर्मगुरूकडे मोटारसायकल आली. आता एका दिवसात पाच गावे होतात आणि रात्री आपण आपल्या खोलीत, आपल्या पंख्याखाली असतो. आमचे तरुण सहकारी भेटींचा अहवाल फार व्यवस्थित ठेवतात, आणि आजाऱ्याकडे चार दिवसांऐवजी चार तासांत पोहोचता येते ही ईश्वराची कृपाच म्हणायची. परंतु सकाळी अकरा वाजता शेतकऱ्याच्या घरी गेलेल्या माणसाला चहा मिळतो. घर मिळत नाही. त्या वेळी घरधनी बांधीवर, सून रोवणीला, मुले शाळेत. ओसरीवर एक आजी आणि एक कुत्रा. दोघेही आपल्याशी अगत्याने वागतात. पण घरात काय चालले आहे हे दोघांपैकी कोणीच सांगत नाही.

पाहुण्यांची नवी जातही आता इकडे दिसते. नवेगाव-नागझिरा हा व्याघ्र प्रकल्प २०१३ मध्ये घोषित झाल्यापासून चोरखमारा, मंगेझरीच्या बाजूला वाघ पाहायला येणारी मंडळी वाढली. २०२० मध्ये राज्य शासनाने कृषी पर्यटनाचे धोरणही आणले आहे. शेतकऱ्याने खोली बांधावी, दर लावावा, शहरी कुटुंबाला चुलीवरचे जेवण द्यावे. काही समाजबांधव याकडे नाक मुरडतात. आम्हाला ते पटत नाही. भातशेतीच्या मिळकतीत ज्याचे भागत नाही त्याने आपल्या अंगणाचे भाडे घ्यावे, यात कमीपणा कसला? दर ठरलेला असला की चिन्नोर कुणाच्या तोंडचा काढला याचा हिशेब तरी चुकता होतो. फरक एवढाच की पैसे देऊन राहिलेल्याला घरातले दुखणे सांगण्याचे यजमानावर बंधन नाही, आणि ते ऐकण्याचे पाहुण्यावर नाही.

कारण सांगणे-ऐकणे होते ते रात्रीच. जेवणे झाली, भांडी घासून पालथी पडली, शेकोटीत ओंडका सरकविला, म्हणजे मग माणूस बोलू लागतो. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरास आले. ते आपल्या पंथाचे नव्हेत. पण गोंडांची पुराणकथा आणि लिंगोची गीते त्यांनी ज्या चिकाटीने लिहून घेतली त्याला तोड नाही. १८६३ मध्ये रात्रीच्या प्रवासात पुराच्या नाल्यात ते बुडाले, आणि त्यांची कागदपत्रे सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. अशा कथा कुणी दुपारच्या चहावर सांगत नसते. मारुती चितमपल्ली नवेगावबांधला वनाधिकारी असताना तेथील माधवराव पाटील यांच्या सहवासात त्यांना पाखरांचे आणि रानाचे जे ज्ञान मिळाले, त्याची साक्ष मराठी वाचकाला आहेच. तो तलावही बांधला कोहळ्यांच्या कोलू पाटलाने, अठराव्या शतकाच्या आरंभी. त्या तलावाच्या पाळीवर बसून ऐकल्याखेरीज तो कसा बांधला हे कळत नाही, असे तिकडचे जुने लोक म्हणतात.

आमच्या ऐकण्यात अशी पुराणे फारशी आली नाहीत. आम्ही ऐकले ते कर्ज, आजार, लग्ने आणि वाटण्या. त्यांतील एक रात्र, खरे तर दोन रात्री, येथे सांगाव्याशा वाटतात. यजमानांची अनुमती आहे. नावगाव मात्र सांगत नाही.

सालेकसा तालुक्यात, दरेकसाच्या डोंगरांच्या बाजूला, एका गोंड शेतकऱ्याचे घर आहे. तीन एकर धान, एक बोडी, बैलजोडी, दोन मुलगे, एक मुलगी. आम्ही त्यांना काकाजी म्हणतो, ते आम्हाला फादरजी. २०१७ च्या खरिपात पूर्व विदर्भात तुडतुड्याने धान खाल्ले तेव्हा त्यांचेही गेले. हिरवीगार बांधी आठवड्याच्या आत जागोजाग करपल्यासारखी तांबडी पडली. सोसायटीचे कर्ज तेव्हा राहिले, ते पुढच्या वर्षीही फिटले नाही. आम्ही गेलो तो मार्गशीर्षाचा महिना होता. कापणी होऊन धानाची पुंजणी रचली होती, आभाळ मात्र स्वच्छ नव्हते, आणि काकाजी दर थोड्या वेळाने उठून बाहेर पाहून येत होते. जेवणानंतर शेकोटीशी ते एकटेच उरले तेव्हा म्हणाले की थोरल्याचे चित्त घरात नाही, तो हैदराबादला कामाला जायचे म्हणतो. तुम्ही शिकलेले, तुमचा शब्द तो मानील, त्याला समजावा.

पहाटे थोरला आम्हाला नाल्यापर्यंत पोहोचवायला आला. वाटेत त्याने सांगितले की हैदराबादला त्याच्या मित्राकडे काम तयार आहे. दोन वर्षांत सोसायटीचे देणे फिटेल, बहिणीच्या लग्नाचेही होईल. इथे राहून आणखी एक तुडतुडा आला तर बैल विकावे लागतील. तुमचा शब्द बाबा मानतील, त्यांना समजावा.

पाहुण्याने एका घरी लागोपाठ दुसरी रात्र राहू नये हा आमचा दंडक. बाज कुणाची गेली आहे ते ठाऊक असते म्हणून. पण त्या दिवशी आम्ही नाल्यावरून परत फिरलो. दिवसभर पुंजण्यांवर ताडपत्री ओढायला हात लावला, कारण दुपारी चार थेंब पडलेच. रात्री सर्वजण शेकोटीभोवती बसल्यावर, काकूही बसल्या आहेत असे पाहून, आम्ही सांगितले की कालपासून या घरातल्या दोन माणसांनी आम्हाला एकच काम सांगितले आहे, दुसऱ्याला समजाव. आम्हाला शेतीतले कळत नाही आणि हैदराबादेतलेही कळत नाही. ज्याने जे आम्हाला सांगितले ते त्याने आता समोरच्याला सांगावे. एवढे बोलून आम्ही सपरीत जाऊन पांघरूण डोक्यावर घेतले.

झोप लागली नाही. आतले बोलणे गोंडीत चालले होते. त्यातले आम्हाला तुटक शब्द कळतात. कर्जाचा आकडा कळला, बैलांची नावे कळली. मध्येच काकाजींचा आवाज चढला, मग बराच वेळ कोणीच बोलले नाही. त्यानंतर काकूंचा आवाज आला. तो पुष्कळ वेळ चालला आणि त्याला कोणी अडविले नाही. तणसाकडे जाताना थोरल्याने आमच्या पायांवर एक गोधडी आणखी टाकली.

सकाळी काय ठरले ते कोणी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. काकूंनी फडक्यात डाळ बांधून दिली.

होळीनंतर कळले की थोरला हैदराबादला गेला. वरच्या दोन बांध्या ठेक्याने दिल्या. बोडीखालची काकाजींनी स्वतःकडे ठेवली, कारण पाणी जवळ आहे आणि एका माणसाला झेपते. सोसायटीचे देणे फिटायला दोनऐवजी तीन वर्षे लागली. दरम्यान तो मुलगा सणाला येतो, रोवणीला येतो असे म्हणतो आणि बहुधा येत नाही. धाकट्याला शेतीची आवड आहे, असे काकाजी सांगतात. धाकटा तेव्हा खाली पाहतो. त्या घरचा प्रश्न सुटला असे आम्ही म्हणणार नाही. मोटारसायकलवरून सकाळी अकराला गेलो असतो तर आम्हाला तो ठाऊकही झाला नसता, इतकेच.

आता वर्षातून चार-पाच रात्री तरी आम्ही मोटारसायकल डांबरी रस्त्यावरच्या ओळखीच्या दुकानात ठेवून पायी टोल्यावर जातो. गाडी दारात असली की यजमान नवाच्या सुमाराला तिच्याकडे पाहू लागतात आणि 'फादरजींना उशीर होत असेल' असे म्हणतात. गाडी नसली म्हणजे उशिराचा प्रश्नच राहत नाही.

गेल्या पौषात काकाजींच्या घरी निरोप धाडला की माघातल्या पौर्णिमेच्या आसपास मुक्कामाला यावे असा विचार आहे. त्याच दिवसांत कचारगडची यात्रा असते. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, कुठून कुठून गोंड बांधव त्या गुहांकडे येतात, दरेकसाचे छोटेसे स्थानक फुलून जाते, आणि पायथ्याच्या वस्त्यांवर घरोघर सोयऱ्यांची गर्दी होते. काकाजींनी मोबाइलवरून स्वतःच उत्तर दिले. 'त्या हप्त्यात नोका येऊ जी,' ते म्हणाले, 'चाळीस मानसं हायेत, तनीससुद्धा खाली नाही. यात्रा झाली का मंग या.' आम्ही यात्रा उलटल्यावर चौथ्या दिवशी गेलो. तणीस मोकळे होते. यंदा त्यात आम्ही झोपलो.